आमचं सात मिनिटांचं गाणं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कूलरच्या टाकीत गाळ साचतो तसे ते आपोआप साचतात, आणि उन्हाळा संपल्यावर टाकी उपसायला घेतली की कळतं, बापरे, एवढं होतं खाली! आमच्या बँडचा उन्हाळा गेल्या महिन्यात संपला, म्हणून मी उपसायला बसलोय.

बँडमध्ये आम्ही तिघं. गिटार वाजवणारा आणि गाणारा पंकज, ड्रमवर दिनेश आणि बेस गिटारवर मी. दिवसा मी गांधीबागेत मामाच्या साड्यांच्या दुकानात असतो. बँडचं नाव सांगत नाही, घरच्यांची तशी विनंती आहे. रॉकच्या इतिहासात म्हणे कुणी स्टेजवर गिटार फोडली, कुणी धुरातून प्रकट झाला, कुणी गर्दीत उडी मारली आणि ते क्षण अमर झाले. आमच्याकडेही हे सगळं झालंय. फक्त ठरवल्यासारखं काहीच झालं नाही.

आणि या सगळ्यात दर वेळी बळी गेला तो पंकजच्या गाण्याचा. नागपूरच्या मे महिन्यावर त्यानं स्वतः लिहिलेलं, सात मिनिटांचं गाणं. पाच मिनिटं नुसतं ऊन आणि शेवटची दोन मिनिटं संध्याकाळ. ती दोन मिनिटं खरोखर सुंदर आहेत, आणि हे मी वैतागलेला असताना सांगतोय. नऊ वर्षांत ती एकाही श्रोत्यानं ऐकली नव्हती. "एकदा, फक्त एकदा लोकांसमोर शेवटपर्यंत वाजवू बे," एवढंच पंकजचं मागणं असायचं.

*

आधी रिहर्सलला जागाच मिळेना. शेवटी लकडगंजात एका आरा मशीनच्या मागची खोली मिळाली. आम्ही खूश. शेजारी दिवसभर सागवान चिरलं जातं, तिथे आमच्या आवाजाची तक्रार कोण करणार?

तिसऱ्या दिवशी मशीनचा मालक दारात उभा. कानात कापूस.

"भाऊ, तुम्ही काय करून राहिले मले समजत नाही. पण माझे माणसं म्हणून राहिले का मशीनचाच आवाज येत नाही. एखाद्याचं बोट जाईन ना."

आम्ही आवाज कमी केला. आरा मशीनला त्रास होतो म्हणून हळू वाजवणारा दुसरा रॉक बँड जगात असेल, तर मला त्यांच्यासोबत एकदा चहा प्यायचाय.

*

गिटार फुटली ती हुडकेश्वरच्या एका लॉनवर, लग्नाच्या रिसेप्शनमध्ये. आमचा नंबर यायचा होता, म्हणून पंकजनं गिटार खुर्चीवर ठेवली आणि वर आपलं जॅकेट टाकलं. नवरदेवाचे मामा आले, ताट सांभाळत, आणि बसले.

आवाज आमच्या कुठल्याही गाण्यापेक्षा मोठा झाला.

मामा उठले, जॅकेट उचलून पाहिलं आणि पंकजवरच उखडले, "काहून गा, हे खुर्चीवर ठेवाची वस्तू होय काय? मले लागलं असतं तर?"

पंकजनं त्यांची माफी मागितली. माफी! वर त्यांना दुसरी खुर्ची आणून दिली. मला त्या माफीचा राग अजून येतो.

*

मग दिनेशच्या डोक्यात धूर शिरला. मोठे बँड धुरातून येतात, आपणही यायचं. धुराचं मशीन मिळेना, तर म्हणाला, "काळजी नको करू, माझ्या दोस्ताजवळ आहे."

दोस्त सोसायट्यांमध्ये डास मारायची फवारणी करतो, हे त्यानं सांगितलं नाही.

एका मैदानातल्या कार्यक्रमात गाण्याचं तिसरं मिनिट चालू होतं. स्टेजच्या मागून तो दोस्त खांद्यावर मशीन घेऊन मोठ्या अभिमानानं निघाला. पांढरा ढग उठला, रॉकेलचा वास सुटला. पंकज "ऊन" म्हणायला गेला आणि खोकत खाली बसला. ढग विरल्यावर मैदानात एक डास उरला नव्हता. श्रोताही उरला नव्हता. दिनेश मात्र म्हणत होता, "पण दिसलं भारी, नाही?"

*

गर्दीत उडी मारायची कल्पना पंकजची. मी नको म्हणालो होतो. एका कॉलनीत, एप्रिलमध्ये, सूर्य अजून वर असताना कार्यक्रम. चौथ्या मिनिटाला डोळे मिटून, हात पसरून त्यानं उडी घेतली.

झेलणार कोण? पहिल्या रांगेत सगळ्या काकू. त्या चटकन बाजूला झाल्या. पंकज सतरंजीवर पालथा.

बरं, उठला असता तर निभावलं असतं. पण गाणं उन्हाचं, गडी घामाघूम, त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली की पोराला ऊन लागलं. एका काकूंनी पर्समधून कांदा काढला. उन्हाळ्यात आपल्याकडे कांदा सोबत असतोच. तो फोडून त्यांनी पंकजच्या नाकाशी धरला. दुसरी पन्हं घेऊन आली. तिसरी मला म्हणाली, "आजारी पोट्ट्याले काहून नाचवून राहिले गा तुम्ही?"

कार्यक्रम तिथेच आटोपला. पंकजला दोन ग्लास पन्हं मिळालं, मला बोलणी.

*

हे सगळे अपघात झाले. खरा कायमचा रोग दिनेश.

दिनेशच्या घरी हातमाग आहे. चालताही येत नव्हतं तेव्हापासून तो बाबांच्या शेजारी मागाची ठकठक ऐकत बसायचा. त्यामुळे ताल असा पक्का की घड्याळानं त्याला विचारून चालावं. पण बाबांनी एक गोष्ट त्याच्या हाडात भिनवलीय: मागावर धागा तुटला की हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे. पुढे विणलं तर कापडात खोट राहते.

पंकजचा हात जड. पाचव्या मिनिटाच्या आसपास त्याची तार तुटते. आणि तार तुटली रे तुटली की दिनेश थांबतो. काड्या मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखा बसतो! नवी तार चढवून सुरात आणेपर्यंत संयोजकांनी डीजे लावलेला असतो. हे एकदा नाही, चारदा झालंय.

"अबे, तार माझी तुटली, तू काहून थांबतो?" पंकज ओरडायचा.

"मी कुठं थांबतो बे?" दिनेश रडकुंडीला यायचा. "तुटलं ना, का हातच थांबून जाते."

*

गेल्या महिन्यात पंकजला पुण्यात नोकरी लागली. सोमवारी निघायचं होतं, म्हणून रविवारी संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम, दिनेशच्याच अंगणात. मागच्या खोलीत माग, पुढे आम्ही. गल्लीतली वीसेक माणसं. आणि नऊ वर्षांत "मले नाही समजत तुमचं ते" म्हणून एकदाही न आलेले दिनेशचे बाबा, पहिल्या खुर्चीवर. घरातच होतं, जातील कुठे?

सुरू करण्याआधी पंकजनं दिनेशला आपल्या गळ्याची शपथ घातली. काहीही तुटलं तरी थांबायचं नाही.

पाचवं मिनिट. तार तुटली. दिनेश थांबला.

मला आता सांगायची लाज वाटते, पण मी बेस खाली ठेवला आणि त्याला मारायलाच निघालो. पंकज गिटार गळ्यात घेऊन नुसता उभा राहिला.

तेवढ्यात बाबा उठले. सावकाश पंकजजवळ आले, चष्मा नाकावर सरकवून तार पाहिली. खालच्या टोकाजवळ तुटली होती. वर खुंटीला पंकज नेहमी चार वेढे जास्तीचे ठेवतो. ते त्यांनी सोडवून घेतले, दोन्ही टोकं चिमटीत धरली, आणि बोटं कशी फिरली ते मला दिसलंही नाही. गाठ बसली. त्यांनी खुंटी पिळली.

"इथूनच धर," ते पंकजला म्हणाले. "पहिल्यापासून नको."

पंकजनं तार सुरात लावली, दिनेशनं काड्या उचलल्या, मी बेस उचलला. तुटलं होतं तिथूनच धरलं. शेवटची दोन मिनिटं, पूर्ण.

टाळ्या पडल्या नाहीत. गाणं संपतं कुठे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं काका," पंकज म्हणाला.

बाबांनी मान हलवली आणि दिनेशकडे वळले.

"थांबला ते बराबर केलं. पण गाठ माराले नऊ वर्षं कोणाची वाट पाहून राहिला होता गा?"