पॅसेजमधला बोर्ड

खामगावच्या त्या तीन मजली कॉम्प्लेक्सची सगळी वायरिंग माझ्या हातची. साफसफाईच्या मशीनसाठी पॅसेजमध्ये प्लग हवाच, हे आयटीआयमध्ये सरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. म्हणून प्रत्येक मजल्यावर मी बोर्डाचा एकेक डबा भिंतीत बसवला, वायरीही ओढून ठेवल्या. मालकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, सारं गाव फुकटात मोबाईल चार्ज करायला येईल, लिंपून टाक. त्यांची पुढची बिल्डिंगही मलाच हवी होती. मी नंदीबैलासारखी मान डोलावली. गिलावा असा सफाईदार झाला की माझं मलाच कौतुक वाटलं.

दोन वर्षांनी फरशी घासायची मशीन आली. झाडझूड करणाऱ्या मावशी टेलरच्या दुकानातून लांब वायर ओढायच्या, ती जिन्याच्या तोंडाशी आडवी पडायची. मी ट्यूबलाइट बदलायला गेलो की म्हणायच्या, भाऊ, येथंच एखादा बोर्ड देऊन टाका ना. मी म्हणायचो, भिंत फोडावी लागते मावशी, मोठं काम आहे. त्या टेकून उभ्या असायच्या त्याच भिंतीत डबा होता. मालकांपुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती, एवढंच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मावशींचा पाय वायरीत अडकला आणि त्या जिन्यावरून घरंगळल्या. खुबा मोडला. दुसऱ्याच दिवशी मालकांचा फोन आला, बोर्ड बसव. छिन्नीच्या चार ठोक्यांत गिलावा निघाला आणि अर्ध्या तासात प्लग सुरू झाला. लाज वाटली. भिंतीकडे तोंड करून मी बराच वेळ हत्यारं आवरत राहिलो.

आठवड्याने मावशींच्या घरी गेलो, सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच. त्यांच्या जागी नवी बाई लागली होती, ते त्यांना कळलं होतं. खाटेवरूनच त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

"बसवला का बोर्ड?"

मी हो म्हणालो.

"कितीक येळ लागला, भाऊ?"

"दोन दिवस," मी म्हणालो.

"लय कुटाना झाला तुमाले माह्यापायी," त्या हळहळल्या.

मी चहा पिऊन निघून आलो.