इल्ला मॅडमचा डबा

आमच्या प्राचार्या मॅडम कुठल्याही प्रश्नाला आधी नकार देत आणि प्रश्न नंतर ऐकत. घरी मराठी बोलायच्या, वर्गात अर्थशास्त्र शिकवायच्या, पण नकार मात्र कानडीत. "इल्ला." धारवाडच्या आमच्या कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त पाटीवर होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या इल्ला मॅडम. एकदा कुणीतरी धीर करून विचारलं, मराठीत का नाही म्हणत? म्हणाल्या, "नाही म्हटलं की लोक का म्हणून विचारतात. इल्ला म्हटलं की परत जातात."

सहल, इल्ला. गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा, इल्ला. स्टाफरूमला नवे पडदे, इल्ला. एकदा एक पालक मुलगी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली म्हणून पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. ते तोंड उघडायच्या आत मॅडमनी नेहमीचा शब्द उच्चारला आणि ते गृहस्थ पेढ्यांसकट निघून गेले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी शिपायाला विचारलं, "कुठल्या दुकानातले होते?"

एकाच गोष्टीला त्यांच्याकडून हा शब्द येत नसे. कॉलेज काढणाऱ्यांनी पहिल्यापासून गरीब घरच्या मुलींना फी माफी ठेवली होती. हुबळीचे व्यापारी देणग्या देत आणि त्यावर ही माफी चाले. त्या माफीचा अर्ज घेऊन मुलगी आत गेली की मॅडम काही न बोलता हात पुढे करायच्या. मीही तशीच शिकत होते. माझे अप्पा हुबळीत लग्नाचे मंडप घालायचे.

मग लॉकडाऊन आला. लग्नं थांबली, मंडप थांबले, व्यापाऱ्यांची दुकानं बंद पडली आणि देणग्याही. यंदा फी माफी बहुतेक मिळणार नाही अशी बातमी कॉलेजातून आली. त्याच आठवड्यात आमच्या बुद्धविहारातल्या एका काकांनी अळणावर गावचं स्थळ आणलं. मुलाचं लाकडाचं दुकान होतं, मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अप्पांचा हिशेब सरळ होता. मोजक्याच माणसांना परवानगी, म्हणजे मंडप नको, जेवणावळ नको. असं स्वस्तातलं लग्न पुन्हा कधी होणार? मंडपवाल्यालाच हे जास्त कळतं. "एक वर्ष शिक्षण थांबव," अप्पा म्हणाले, "मग सासरचे शिकवतील की." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला बी.कॉम. पुरं करायचं होतं, पण ते मी अप्पांना सांगितलं नाही.

कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला आम्ही दोघं गेलो. मॅडमनी अर्ज वाचला. "इल्ला."

"काय करायचं सांगा री मॅडम," अप्पा म्हणाले, "कामच नाही बघा."

"आता कमिटीची बैठक आहे. ती होईपर्यंत बाहेर बसा."

कमिटीची एक जुनी रीत होती. आमच्या संस्थेत मतदान होत नसे. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं, आणि एकमत झालं की शेजारच्या खोलीतून उप्पीट आणि चहा आणायचा. एकमताआधी उप्पीट नाही, असा संस्थापकांचा दंडक होता. आजवर कुठलीही बैठक फार लांबली नव्हती. त्या दिवशी साथीमुळे दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, त्यामुळे बाकावरून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. उप्पिटाचा वासही येत होता.

अध्यक्ष म्हणाले, "माफी बंद करतोय असं नाही. फक्त एक वर्ष थांबवू. सगळ्यांचं एकमत?"

"इल्ला."

मास्कमधून अध्यक्षांचा सुस्कारा ऐकू आला. पैसेच नाहीत हे त्यांनी समजावून सांगितलं. खजिनदारांनी पुन्हा समजावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "कमानीचे आहेत की."

कॉलेजच्या फाटकावर अध्यक्षांच्या वडिलांच्या नावाची दगडी कमान व्हायची होती. दोन खांब उभे राहिले होते, वरच्या भागाचे पैसे जमा होते. अध्यक्षांचा आवाज चढला. "मॅडम, एक वर्षाचा तर प्रश्न आहे!"

"तेच म्हणते अण्णा. एक वर्ष कमान थांबू दे. मुलगी थांबली की तिचं लग्न ठरतं. कमानीचं कुणी ठरवत नाही."

अप्पांनी खाली मान घातली. मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले.

त्यानंतर सगळे बोलले, आळीपाळीनं आणि मग एकदम. जेवणाची वेळ टळून गेली. तेवढ्यात स्टीलच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मॅडम म्हणाल्या, "माफ करा हं, मला साखर आहे, वेळेवर खावं लागतं. तुम्ही बोला, मी ऐकते." आणि त्या ज्वारीची भाकरी आणि एणगाई खाऊ लागल्या. भरल्या वांग्याच्या त्या भाजीचा वास बाकापर्यंत आला. आत कुणाला काही सुचेनासं झालं. मॅडम सावकाश जेवत होत्या. खजिनदार मध्येच म्हणाले की तसं पाहिलं तर कमानीची घाई नाही. दुसऱ्या कुणाला तेच वाटू लागलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बरं बाई, थांबू दे ती कमान. आणा रे ते उप्पीट."

मॅडम हात धुऊन बाहेर आल्या आणि माझा अर्ज माझ्याच हातात ठेवला. "सही इल्ला," म्हणाल्या. अप्पांनी हात जोडले. घरी येऊन त्यांनी अळणावरला फोन लावला आणि मुलगी शिकतेय असं सांगितलं. मी आत जाऊन खूप रडले. इतका आनंद मला त्यानंतर नोकरी लागली तेव्हाही झाला नाही.

मॅडमची मुदतवाढ अध्यक्षांच्या हातात होती, ती मिळाली नाही. उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाचं विचारायला गेलेला शिपाई लगेच परत आला.

पुढं एम.कॉम. होऊन मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा त्यांना भेटायला हुबळीतल्या उणकलला गेले. नव्या बिल्डिंगमधलं घर होतं, गॅलरीतून तळ्याची एक चिंधी दिसायची. मी सफरचंदं नेली होती. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"पेढे?"

"मॅडम, तुम्हाला साखर आहे ना?"

"इल्ला," म्हणाल्या, आणि स्वतःच्या चहात दोन चमचे घातले. कप ढवळत त्या म्हणाल्या, "भुकेल्या माणसांचं एकमत लवकर होतं. फक्त आपण भुकेलं असू नये."

निघताना नोकरी लागल्याबद्दल आशीर्वाद मागितला, तर त्यांनी फक्त हात पुढे केला. माफीचे अर्ज घ्यायच्या तसा. मी तो धरून थोडा वेळ उभी राहिले.

गेल्या वर्षी त्या गेल्या. शोकसभा नको असं भाचीजवळ सांगून ठेवलं होतं. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः फाटकातून आत शिरताना. ते दोन खांब अजून तसेच आहेत. नव्या मुली त्यांच्या चौथऱ्यावर डबे ठेवून गप्पा मारतात.

यंदा बाजार पुन्हा मंद आहे आणि देणगीदार हात आखडता घेताहेत. परवा कमिटीची बैठक झाली, शिक्षकांतर्फे मी होते. अध्यक्ष नवे, सुस्वभावी. माफी बंद नाही, फक्त एक वर्ष थांबवू, म्हणाले. शेजारच्या खोलीत उप्पीट तयार होतं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

मला साखर नाही. मी पिशवीतून डबा काढला, टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं.