‘नसेल’ कुणाला लागतं?

शहा साहेबांनी टाइप केलेलं पत्र माझ्यासमोर सरकवलं आणि वर पेन ठेवलं.

“मॅडम, बस इतना लिखा है कि आपका सॉफ्टवेअर बराबर था. साइन कर दो. सोमवार को इन्क्वायरी है.”

शहा साहेब तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगद्रव्याच्या कारखान्याचे मॅनेजर; मी त्यांच्या केबिनमध्ये बसले होते. आमची बोईसरची छोटी कंपनी त्यांच्यासारख्या कारखान्यांना कंट्रोलर पुरवायची. कंट्रोलर म्हणजे टिफिनच्या डब्याएवढी एक पेटी. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा, हे ती ठरवायची. गोष्ट नव्वदच्या आसपासची. मी तिथे प्रोग्रॅमर होते. पालघरहून रोज एसटीने यायचे.

चार दिवसांपूर्वी त्यांच्या दोन नंबरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच तापली होती. रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायनं शिजवायचं बंद भांडं. थंड करणारं पाणी कमी झालं आणि तरीही अ‍ॅसिड आत येतच राहिलं. धूर झाला, माल काळा पडला. कुणाला इजा झाली नाही, पण त्या पाळीच्या ऑपरेटरला मेमो मिळाला आणि घरी बसवलं. आरोप असा की पाणी कमी झालेलं दिसत असताना तो जागा सोडून गेला.

मी पेन उचललं. खरं सांगायचं तर सही करायलाच उचललं होतं. आमच्या सगळ्या टेस्ट पास होत्या. पण मेमोची प्रत पत्राला जोडलेली होती, आणि त्यात ऑपरेटरचं एका ओळीचं उत्तर होतं : ‘कागदावर लिहिल्याप्रमाणे केले.’

तो कागद मी छापलेला होता. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमने.

“ऑपरेटरला भेटता येईल?” मी विचारलं.

“क्यों? बाहर ही बैठा है. सुबह से.”

बाहेरच्या बाकावर हरेश्वर तांडेल बसला होता. जवळच्या नवापूरचा. घरची होडी भावाकडे, हा कारखान्यात. पस्तिशीचा असेल. मला बघून उठला नाही. त्याच्या हातात घडी घालून मऊ झालेला तो कागद होता.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. कंट्रोलरला काम सांगण्यासाठी आमच्या कंपनीने स्वतःची एक छोटी भाषा केली होती. तिला आम्ही ‘पायरी’ म्हणायचो. कारखान्याचा इंजिनिअर पायरीत सूचना लिहायचा, इंग्रजी शब्दांत. मग दोन वेगवेगळे प्रोग्रॅम त्या सूचना वाचायचे. एक कम्पायलर. तो सूचनांचं पेटीला कळेल अशा आकड्यांत भाषांतर करायचा. तो माझ्या आधीच्या माणसाने लिहिला होता आणि नंतर तो परदेशी गेला. दुसरा माझा. तो त्याच सूचना वाचून ऑपरेटरसाठी मराठीत कागद छापायचा : पेटी आता काय करणार, तुम्ही काय करायचं. त्याला आम्ही डॉक्युमेंट जनरेटर म्हणायचो. मराठी अक्षरांचं कार्ड बसवलेल्या प्रिंटरवर तो कागद निघाला की मला फार बरं वाटायचं.

हरेश्वरने कागद उलगडून माझ्यापुढे धरला. तिसरी ओळ अशी होती : ‘स्टरर बंद किंवा पाणी कमी नसेल तेव्हा अ‍ॅसिड सुरू.’ स्टरर म्हणजे भांड्यातला ढवळणारा पंखा.

“मॅडम, तुमी लिवलाय ना ह्यो? मंग मला सांगा, ह्यो ‘नसेल’ कोणाला लागतो? एकट्या पान्याला का दोगांना?”

“तुम्ही काय समजलात?”

“दोगांना. स्टरर बंद असताना अ‍ॅसिड कोन सोडील? येडा हाय का कोन? दोगांतला एक जरी बिगाडला तरी अ‍ॅसिड बंद, असा मी धरला. पानी कमी दिसला. मी म्हनलो, अ‍ॅसिड आपोआप बंद होनार, कागदावर हाय. म्हनून दुसरा पंप चालू करायला खाली गेलो. वर आलो तं धूर.”

“मग?”

“मंग काय? हातानं व्हॉल्व्ह आवळला. आन आता मला म्हनतात, जागा सोडली.”

मी आत गेले. “सही उद्या देते,” म्हणाले. शहा साहेबांना आवडलं नाही. “छोटी सी बात है, मॅडम,” ते म्हणाले. मी रिक्षा पकडून ऑफिसला आले. रस्ता दहा मिनिटांचा. दहा मिनिटं मी डोक्यात ते एकच वाक्य उलटसुलट करत होते.

मूळ सूचना फाइलमध्ये सापडली. ‘अ‍ॅसिड ऑन व्हेन नॉट स्टरर-ऑफ ऑर वॉटर-लो.’ इंजिनिअरच्या मनात हरेश्वरचाच अर्थ होता, यात शंका नव्हती. पण ‘नॉट’ दोन्हींना लागतो हे दाखवायला दोन्हींभोवती कंस घातलेले नव्हते.

माझा जनरेटर काय करायचा? ‘नॉट’ दिसला की तो उचलून मराठी वाक्याच्या शेवटी ‘नसेल’ म्हणून बसवायचा. मराठीत नकार शेवटी येतो, म्हणून. तो कुणाचा नकार आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. कम्पायलर काय करत होता, ते मला माहीत नव्हतं. तेच बघायचं होतं.

टेबलावर चाचणीची पेटी होती. दोन खटके लावले, एक स्टररचा, एक पाण्याचा. अ‍ॅसिडच्या व्हॉल्व्हच्या जागी बल्ब. प्रोग्रॅम भरायला काही मिनिटं लागायची. तेवढा वेळ मला बसवेना. खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. प्रोग्रॅम भरल्यावर दोन खटक्यांच्या चारच शक्यता होत्या. वहीत चार ओळी आखल्या.

स्टरर चालू, पाणी ठीक : बल्ब लागला. बरोबर.

स्टरर चालू, पाणी कमी : बल्ब लागलाच. चूक. हरेश्वरच्या बाबतीत हेच झालं होतं. कम्पायलरने ‘नॉट’ फक्त शेजारच्या स्टररला लावला होता. स्टरर बंद नाही, एवढं पटलं की अ‍ॅसिड चालू. मग पाणी कसंही असो.

स्टरर बंद, पाणी ठीक : बल्ब बंद. बरोबर.

चौथी ओळ करताना माझा हात थांबला. स्टरर बंद, पाणी कमी. दोन्ही बिघडलेलं. खटके टाकले.

बल्ब लागला.

मी खुर्चीतून उठले. ‘नॉट’ पाण्यापर्यंत पोचलाच नव्हता, म्हणून ‘पाणी कमी’ हेच पेटीला अ‍ॅसिड सोडायचं दुसरं कारण झालं होतं. ही शक्यता नुसती कागदावरची नव्हती. लाइट गेली की स्टररची मोटर आणि पाण्याचा पंप एकदमच बंद पडतात. कंट्रोलर मात्र बॅटरीवर चालू राहतो. तो आमचा मोठा गुण म्हणून आम्ही गिऱ्हाइकांना सांगायचो. आणि तेव्हा बोईसरला दुपारी लाइट जाणं काही नवीन नव्हतं.

देवधर साहेब आमचे मालक. स्वतः इंजिनिअर, कंपनी स्वतःच्या हाताने उभी केलेली. मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चारही ओळी दोनदा वाचल्या.

“टेस्ट सगळ्या पास होत्या ना?”

“होत्या.”

“मग?”

“सर, आपली टेस्ट म्हणजे काय, तर चाळीसएक नमुना प्रोग्रॅम आहेत. ते कम्पायलरमधून काढायचे. एरर आली नाही की पास. पेटी पुढे काय करते, हे कुठलीच टेस्ट बघत नाही.”

त्यांनी वही माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, “सूचना त्यांच्या इंजिनिअरने लिहिली. कंस त्याने द्यायला हवे होते. आपण कशाला अंगावर घ्यायचं?”

“कंस द्यावे लागतात, असं आपल्या मॅन्युअलमध्ये कुठे लिहिलंय?”

त्यांनी कपाटातून मॅन्युअल काढलं. अनुक्रमणिका बघितली. पानं उलटली. मी उभीच होते. शेवटचं पान आलं, तसं त्यांनी ते मिटलं.

“बस राऊत,” ते म्हणाले.

“सर, बसायला वेळ नाही. आणखी कुणाकडे असं लिहिलंय ते बघायला हवं.”

आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी असायची. मी एकेक घालून ‘नॉट’ शोधत गेले. शहा साहेबांचा सोडून आणखी दोन कारखाने निघाले. एक मनोरच्या बाजूला. तिथे साहेबांनी फोन लावला, लगेच लागला. “आमचा माणूस येईपर्यंत तो व्हॉल्व्ह हाताने चालवा,” त्यांनी सांगितलं. कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, “आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शंका आहे.” हे वाक्य म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसरा कारखाना कुंभवलीच्या अंगाला. तिथला फोन लागेना. नुसती घूं-घूं. मी पाच वेळा फिरवला आणि सरळ खाली जाऊन रिक्षात बसले. रिक्षावाला वाटेत आणखी दोन सीट घ्यायला थांबला, तर मी त्याच्यावर ओरडले. माझं वय तेव्हा सव्वीस, आणि अनोळखी माणसावर ओरडायची मला सवय नव्हती.

गेटवरच्या वॉचमनने पास मागितला. आत बारी नावाचा शिफ्ट इंजिनिअर ओळखीचा होता. तो आला, तेव्हा पहिला प्रश्न मी हाच केला, “अ‍ॅसिड चालू आहे का?”

“तीन वाजता सुरू होईल. काय झालं?”

पावणेतीन झाले होते.

“व्हॉल्व्ह मॅन्युअलवर टाका. आधी टाका, मग सांगते.”

त्याने टाकला. मग आम्ही त्याच्याच केबिनमध्ये त्याच्या पेटीवर त्या चार ओळी पुन्हा केल्या. चौथ्या ओळीला तो नुसता “अरे बापरे” म्हणाला. त्या दिवशी लाइट गेली नाही. म्हणजे मी गेले नसते, तरी काहीच घडलं नसतं. हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते, पण त्याने बरं वाटत नव्हतं.

शुक्रवारी देवधर साहेबांनी शहा साहेबांना द्यायच्या पत्राचा मसुदा केला. ‘सूचनेचा अर्थ लावण्यात फरक पडला,’ असं त्यात होतं.

“सर, फरक कुणाच्या लावण्यात?”

“राऊत, गिऱ्हाईक आहे ते.”

“हरेश्वर तांडेलचाही मेमो आहे. ‘फरक पडला’ म्हटलं की तो त्याच्याच गळ्यात पडणार.”

ते चिडले. “मग तू जा आणि तूच सांग,” म्हणाले. मला वाटलं होतं ते अडवतील. अडवलं नाही, पण सोबतही आले नाहीत.

सोमवारी चाचणीची पेटी पिशवीत घालून मी इन्क्वायरीला गेले. शहा साहेब, त्यांचे पर्सोनेलचे साहेब, युनियनचा एक माणूस आणि कोपऱ्यात हरेश्वर. मी टेबलावर पेटी ठेवली, बल्ब लावला, कागद शेजारी ठेवला. चारही ओळी करून दाखवल्या. बोलायला फारसं लागलंच नाही. बल्ब सगळ्यांना दिसत होता.

शहा साहेबांनी विचारलं, “गलती किसकी? सीधा बोलो.”

“कागद मेरे प्रोग्रॅमने छापा. वाक्य के दो मतलब निकलते हैं, वो गलती मेरी. पेटी ने तीसरा ही मतलब लिया, और हमने कभी जाँचा नहीं. वो कंपनी की.”

“और ये आदमी?”

“इसने कागद पढ़ा. कागद पढ़ने के लिए ही दिया था.”

मेमो मागे घेतला. जागा सोडल्याबद्दल तोंडी समज मात्र दिली, कारण काहीतरी द्यायलाच हवं होतं. बाहेर आल्यावर हरेश्वरने माझे आभार वगैरे मानले नाहीत. “आट दिवस गावात तोंड लपवत होतो,” तो म्हणाला. “त्याचा काय करनार कोन?” मी नव्या कागदाचं वाक्य त्याला दाखवलं आणि विचारलं, आता दोन अर्थ निघतात का? त्याने रागातच वाचलं. ‘स्टरर बंद पडला तर अ‍ॅसिड बंद. पाणी कमी झाले तरी अ‍ॅसिड बंद.’ मग म्हणाला, “ह्यो बरा हाय. ह्यो आमच्या पोरालाबी कळंल.”

शहा साहेबांनी पुढची दोन मशिनं दुसऱ्या कंपनीकडून घेतली. देवधर साहेबांनी त्याबद्दल मला कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्या वर्षी माझं कौतुकही केलं नाही.

पुढचे दोन महिने मी कम्पायलर उघडून बसले. आधी एक नियम घातला : ‘नॉट’ आणि ‘ऑर’ एका ओळीत कंसाशिवाय आले, तर कम्पायलरने भाषांतरच करायचं नाही, इंजिनिअरला परत विचारायचं. मग जनरेटर बदलला. तो आता मूळ सूचना स्वतः वाचत नव्हता. कम्पायलरने लावलेला अर्थच घ्यायचा आणि तोच मराठीत छापायचा. अर्थ चुकला तर कागदही चुकलेला दिसेल, आणि वाचणारा ओरडेल. पूर्वी एकाच पत्राचं दोघांनी एकमेकांना न विचारता भाषांतर केल्यासारखं चाललं होतं.

शेवटी टेस्ट. प्रत्येक नमुना प्रोग्रॅमशेजारी मी हाताने लिहिलं, कुठल्या खटक्याला कुठला बल्ब लागायला हवा. कम्पायलरला न विचारता, सूचना वाचून. मग सगळ्या टेस्ट पुन्हा चालवल्या. वर्षानुवर्षं पास होणाऱ्यांपैकी सहा नापास झाल्या. त्यांतल्या दोन चुका ‘नॉट’च्या नव्हत्याच. त्या आम्हाला माहीतही नव्हत्या.

त्यानंतर बऱ्याच ठिकाणी नोकऱ्या केल्या. नवीन जागी गेले की लोक सांगतात, आमच्या सगळ्या टेस्ट पास आहेत. मी त्यांच्यातला एक प्रोग्रॅम उघडते, मुद्दाम एक चूक घालते आणि टेस्ट पुन्हा चालवायला सांगते. तरीही सगळ्या पास झाल्या, तर त्या दिवशी दुसरं कुठलंही काम हातात घेत नाही.