आत्याचे दोन खिसे

माझी आत्या एका मोठ्या इस्पितळाच्या बॉयलर-घरात सोळा वर्षं मदतनीस होती. धुलाईला आणि स्वयंपाकघराला लागणारी वाफ तिथून जायची. पंपाचा नुसता आवाज ऐकून तो आजारी आहे की रुसलाय, हे ती सांगायची. पण बॉयलर स्वतः चालवायचा तर परीक्षेचा दाखला लागतो, आणि त्या परीक्षेत आत्या दोनदा नापास झाली होती.

बॉयलर चालवणारे वस्ताद तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. दाखला मिळाला तर त्यांची जागा आत्याला. नाहीतर बाहेरचा माणूस येणार आणि आत्याची बदली कपड्यांच्या गाठोड्यांवर.

"गाठोडी बांधीन गं," ती म्हणाली, "पण माझा बॉयलर दुसऱ्याच्या हातात बघवणार नाही मला."

मी नुकतीच इंजिनिअर झाले होते, त्यामुळे सल्ले देण्याची भारी हौस. तिला चार रंगांचे पेन दिले आणि म्हटलं, महत्त्वाच्या ओळी रंगव. आठवड्याने पाहते तर अख्ख्या पुस्तकात एक ओळ कोरी नाही.

"सगळंच महत्त्वाचं निघालं," आत्या म्हणाली.

"बरं, सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी असतो?"

आत्याने डोळे मिटले. "बॉयलर म्हणजे पाण्याची वाफ करणारे बंद भांडे. त्याचे प्रकार दोन..."

"अगं, ते पहिलं पान झालं!"

"थांब की, व्हॉल्व्ह वाटेत येईल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत्याने पुस्तक पहिल्या पानापासून ओळीने पाठ केलं होतं. मधलं काही विचारलं की ती मुळापासून निघायची. मागच्या परीक्षेत चौथ्या उत्तराशी पोचेपर्यंत घंटा झाली होती. आणि तोच व्हॉल्व्ह ती रोज स्वतःच्या हाताने तपासत होती!

मग औषधांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मी चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. नियम एकच: चिठ्ठ्या पिसायच्या, उत्तर आधी मोठ्याने सांगायचं, मगच उलटून बघायचं. पहिल्या दिवशी दहांतली सात चुकली.

"वाचताना मी हुशार असते," आत्या फणकारली, "तुझ्या चिठ्ठ्यांनी ढ केलं मला."

तरी तिने त्या सोडल्या नाहीत. उलट त्यांना शिस्त लावली. चुकलेल्या चिठ्ठ्या कामाच्या डगल्याच्या उजव्या खिशात, त्या रोज काढायच्या. बरोबर आलेल्या डाव्या खिशात. मी म्हटलं, डाव्या आता घरी ठेव.

"वा गं इंजिनिअरबाई! व्हॉल्व्ह काल नीट उघडला म्हणून आज तपासायचा सोडते का मी?"

डावा खिसा दर शनिवारी रिकामा होऊ लागला. विसरलेली चिठ्ठी मुकाट उजवीकडे जायची. मी मात्र कॉलेजची चार वर्षं परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळं गिळून दुसऱ्या दिवशी ओकत आले होते, हे मी तिला सांगितलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत वस्तादही परीक्षक व्हायचे.

"बाई, काचेच्या नळीत पाणी दिसतच नाही. काय कराल?"

"पंप सुरू करीन."

"संपलो आपण सगळे! तापलेल्या पत्र्यावर गार पाणी? आधी आग बंद!"

ही एक चिठ्ठी तीन आठवडे उजव्या खिशातून हलेना. कारण साधं होतं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या त्या नळीतलं पाणी जरा खाली आलं की पंप चालू करायचा, हे तिच्या हाताला सोळा वर्षं ठाऊक. पाणी दिसेनासंच झालं, असं कधी घडलं नव्हतं. डोकं शिकलं तरी हात ऐकेना. शेवटी तिने खुर्चीवर बसून उत्तर देणं सोडलं. प्रश्न आला की उठायचं, आग बंद करायच्या चाकाकडे चालत जायचं, त्यावर हात ठेवायचा आणि मग बोलायचं. चौथ्या आठवड्यात चिठ्ठी डावीकडे गेली.

लेखी परीक्षा झाली. तोंडी परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. आत्या बाहेर आली ती ओशाळलेली.

"काय झालं?"

"नळीचंच विचारलं गं. मी ताडकन उठले आणि सरळ साहेबांच्या कपाटाच्या मुठीला हात घातला. म्हटलं, आधी आग बंद!"

"मग?"

"साहेब म्हणाले, पंप? मी म्हटलं, त्याला शिवायचंसुद्धा नाही. मग ते कपाटाकडे बघून इतके हसले, की मेली लाजच वाटली."

पंधरा दिवसांनी दाखला आला.

वस्तादांच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम बॉयलर-घरात गेले. आत्या वाफेच्या दाबाचा काटा बघत उभी होती. दाब जरा चढला, तसा सवयीने वस्तादांचा हात चाकाकडे गेला.

"वस्ताद, हात मागे. दाखला कोणाकडे आहे?"

वस्तादांनी गुपचूप हात पाठीमागे बांधले. आत्याने चाक फिरवलं, काटा जागेवर आणला आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा बघून ती विरघळली.

"बरं या," ती बाजूला सरकत म्हणाली. "एकदा फिरवा. मी आहे इथे."