थोडं थांबा, नवीन येतंय

बुधवार पेठेत बाबांचं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं आणि आलेलं गिऱ्हाईक परत पाठवण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. एखादा माणूस पैसे घेऊन काउंटरपाशी उभा राहिला, की बाबा चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणायचे, "घाई आहे का? मग शेजारच्या दुकानात जा. दिवाळीपर्यंत थांबलात तर नवीन मॉडेल येतंय. हे घेतलंत तर वर्षभर मला शिव्या घालाल." आई कपाळाला हात लावायची. पण जुना माल कुणाच्या गळ्यात मारायचा नाही, हा बाबांचा हट्ट होता. थांबलेलं गिऱ्हाईक त्यांच्याकडेच परत यायचं, हेही खरं.

मी तेव्हा एका प्रयोगशाळेत पॉलिमरचे सूक्ष्म कण बनवत होते. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके घालतात ना, साधारण त्याच जातीचं पॉलिमर. त्यात कॅन्सरचं औषध मिसळायचं आणि ढवळत ठेवलेल्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं. पाणी दुधाळ होतं. कण डोळ्यांना दिसत नाहीत, नुसता दुधाळपणा दिसतो. कल्पना अशी, की हे कण औषध पोटात घेऊन रक्तातून फिरतील, गाठीपाशी साचतील आणि तिथे सावकाश विरघळत औषध सोडतील. बाकीच्या अंगाला झळ कमी. केस गळणं, उलट्या, तोंडातले फोड, सगळंच कमी.

प्रत्यक्षात माझे कण पहिल्या काही तासांतच बहुतेक औषध सांडून मोकळे व्हायचे. स्वारगेटला बसमध्ये बसलेले सगळे प्रवासी कात्रज यायच्या आत उतरून जावेत, तसं. मी पॉलिमर बदलायची, ढवळायचा वेग बदलायची, वैतागायची आणि घरी येऊन बाबांना सगळं सांगायची. त्यांना हे ऐकायला फार आवडायचं. "गळती आहे म्हण की. सापडेल. मालातला दोष आज ना उद्या सापडतोच."

मग बाबांच्याच आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, केमो लगेच सुरू करा. बाबा म्हणाले, मी एकटा जाईन, हॉस्पिटल दुकानाच्या वाटेवरच आहे. केमोच्या ठरलेल्या पहिल्या दिवशी गेले आणि संध्याकाळी सांगत आले, "डॉक्टर म्हणाले, आधी अंगात ताकद येऊ दे." पुढेही तेच. आई ताकदीसाठी रोज काहीबाही करून घालत होती. शेवटी हॉस्पिटलमधून घरी फोन आला, की पेशंट एकदाही आलेले नाहीत, ट्रीटमेंट घ्यायची नाहीये का?

मी तशीच रिक्षाने दुकानात गेले. बाबा ट्रान्झिस्टर उघडून बसले होते. अजिबात ओशाळले नाहीत. "चिडतेस काय? तुझं नवीन येतंय ना? मग हे अंग भाजून काढणारं जुनं कशाला घ्यायचं? जन्मभर लोकांना थांबा म्हणालो. आता मी थांबलो तर बिघडलं कुठे?"

राग इतका आला, की तो ट्रान्झिस्टर उचलून आपटावासा वाटला. आणि रडूही आलं. माझे कण अजून उंदरापर्यंतसुद्धा पोचले नव्हते. माणसापर्यंत पोचायला कित्येक वर्षं लागणार होती, कदाचित कधीच पोचणार नव्हते. पण त्यांच्या त्या खुशीतल्या चेहऱ्याकडे बघून हे सांगवेना. "येईल बाबा. तोवर हे घ्या," एवढंच म्हणाले आणि त्यांना घेऊन गेले. नव्या तपासणीत यकृतावर डाग दिसले; आजार तिथवर पसरला होता.

केमोच्या खोलीत खुर्च्या ओळीने मांडलेल्या असत. एकदा बाबांच्या शेजारी विश्रांतवाडीचे एक शिक्षक येऊन बसले, बायकोला घेऊन. त्यांचा पहिलाच दिवस. आजार वेळेत सापडलेला, पण गृहस्थ पार घाबरलेले. नर्सला म्हणत होते, "आज नको हो. पुढच्या महिन्यात बघू."

बाबांच्या चेहऱ्यावर एकदम दुकानातली कळा आली. सलाईनचा हात सांभाळत ते तिकडे वळले. "अहो, घाई नसेल तर खरंच थांबा थोडं. नवीन येतंय. ही माझी मुलगीच बनवतेय."

नवरा-बायको दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बाबाही पाहत होते आणि कौतुकाने मान हलवत होते, सांग की.

"थांबू नका," मी म्हणाले. "आजच घ्या. माझं औषध अजून औषध झालेलंच नाही. नुसतं काचेच्या भांड्यात आहे. तुमच्या वेळेत ते येणार नाही. इथल्या कुणाच्याच वेळेत येणार नाही."

बाबांच्या देखत म्हणाले. नंतर त्यांच्याकडे बघायचा धीर होईना. सलाईनचे थेंब पडत होते, तिकडे बघत राहिले. शिक्षक गोंधळून पुन्हा बाबांकडे वळले. "काय करू हो?"

बाबांनी मोकळ्या हाताने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तिचं ऐका," ते म्हणाले. "तिला त्यातलं कळतं."