बॉलवर हात

"बॉल नको पाहू बे, माणूस पाहा!" असं म्हणून काका उठायचे, कॅफेटेरियातल्या टीव्हीसमोर जायचे आणि पडद्यावर जिथे बॉल असेल तिथे सरळ आपला तळहात धरायचे. बॉल हलला की हातही हलायचा. मागून दहापंधरा अमेरिकन ओरडायचे, "सिट डाऊन, काका!" काका ढिम्म. रिप्ले संपेपर्यंत तसेच उभे राहायचे आणि मग वळून आम्हालाच विचारायचे, "आता सांगा, काय दिसलं?"

मी अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातल्या त्या ऑफिसात आलो तेव्हा काका आमच्या सॉफ्टवेअर टेस्टिंग टीमचे लीड होते. मूळचे नागपूरचे, वय पंचावन्नच्या आसपास, अमेरिकेत येऊन वीस वर्षं झालेली. मी पुण्याचा. वडीलधारा माणूस, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना काका म्हटलं. शेजारच्या क्युबिकलमधल्या डेव्हला वाटलं, हेच याचं नाव. मग सगळं ऑफिसच त्यांना काका म्हणू लागलं. वर्षभरात आमची मॅनेजर लिंडासुद्धा ईमेलमध्ये ‘डिअर काका’ असं लिहायला लागली. काकांनी ती चूक कधी दुरुस्त केली नाही. उलट म्हणायचे, "एवढे पुतणे फुकटात मिळाले, दुरुस्त कशाला करू?"

सोमवारी दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर आमची पंचायत बसायची. शनिवार-रविवारच्या मॅचमध्ये कोण कसा खेळला यावर वाद. उन्हाळ्यात बेसबॉल, थंडीत फुटबॉल (तो अमेरिकेतला, बॉल हातात धरून पळायचा), आणि मधल्या फटीत पडद्यावरची कुस्ती. वादाचे नियम काकांनीच घातलेले. कोणाला शिव्या द्यायच्या असतील, तर आधी त्यानं केलेली एक चांगली गोष्ट सांगायची. आणि जो वादात हरेल, त्यानं पुढच्या सोमवारी सगळ्यांसाठी खायला आणायचं. डेव्ह हरला की बटाट्याच्या चिप्स यायच्या. मी हरलो की माझी बायको मेघना भल्या सकाळी उठून साबुदाण्याची खिचडी करायची आणि विचारायची, "तू एकदा तरी जिंकतोस का रे?" काका मात्र कधी हरायचे नाहीत. म्हणजे हरायचे, पण कबूल करायचे नाहीत.

माझी तर सुरुवातच फजितीनं झाली. पहिल्या महिन्यातली गोष्ट. टीव्हीवर बेसबॉल चालू होता. बॅटरनं बॉल टोलवला, तो उंच गेला आणि मागच्या प्रेक्षकांत जाऊन पडला. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "सिक्सर!" सगळा कॅफेटेरिया माझ्याकडे पाहायला लागला. तो फाऊल होता, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फुकट फटका; इथल्या सिक्सरला होमरन म्हणतात. मी इतका ओशाळलो की पुढचे कित्येक सोमवार तोंड उघडलं नाही. एरवीही चारचौघांत बोलायला मला जडच जातं. काका मात्र माझ्या बाजूनं उभे राहिले. "हसता काय? एवढ्या जणांत हा एकटा खूश झाला. तुम्ही लोक तर होमरनलासुद्धा चिप्स खात बसता."

काकांची नजर निराळी होती, हे तुम्हीही त्या टेबलावर बसला असतात तर तुमच्या लक्षात आलं असतं. बेसबॉलमध्ये सगळे होमरन मारणाऱ्याचं कौतुक करत असायचे, तेव्हा काका बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणाऱ्या कॅचरबद्दल बोलायचे. साधा सरपटी ग्राउंड बॉल असतो, फील्डर तो उचलून फर्स्ट बेसला, म्हणजे बॅटरला पळत गाठायच्या पहिल्या ठिकाणी, फेकतो, बॅटर आऊट होतो. यात पाहण्यासारखं काय आहे? काका पडद्यावरच्या बॉलवर हात ठेवायचे, आणि मग दिसायचं, की कॅचर अंगावरच्या सगळ्या जड सरंजामासह भर उन्हात फर्स्ट बेसच्या मागे धावत सुटलाय. थ्रो चुकलाच तर अडवायला कोणीतरी हवं म्हणून.

"पण थ्रो चुकतो तरी कधी?" डेव्ह म्हणाला. "क्वचित."

"अन् हा कधी धावतो?" काकांनी विचारलं.

"दर वेळी," डेव्ह म्हणाला.

फुटबॉलमध्येही तेच. बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणारा हल्ला अडवणारा एक धिप्पाड गडी असतो. काकांचा तो लाडका. "याचं नाव टीव्हीवर कधी येतं? चूक झाली की. जोवर येत नाही, तोवर समज, पठ्ठ्या काम करून राहिला."

पण खरी खडाजंगी व्हायची ती कुस्तीवरून. त्या चकचकीत चड्ड्या, ते खोटे मुखवटे, ते आधीच ठरलेले निकाल. डेव्हला त्या सगळ्याचा तिटकारा होता. "यात परफॉर्मन्स कसला पाहायचा? सगळं ठरलेलं असतं!"

"ठरलेलं असतं हे मला माहीत नाही का?" काका म्हणायचे. "म्हणून तर पडणाऱ्याकडे पाहायचं. तो दुसरा त्याला डोक्यावर उचलतो ना, एकट्याच्यानं तीनशे पाउंड उचलले जातात होय? खालून हा उडी मारतो. अर्धा जोर याचा असतो. टाळ्या त्याला. अन् पडतो तोही असा, की समोरचा पहिलवान वाटला पाहिजे. मला विचाराल तर त्या खेळात पडणाराच खरा खेळाडू."

ह्या वादात काकांना एकही मत कधी मिळालं नाही. त्यांना त्याची काही पडलेली नव्हती.

आता माझ्या मूर्खपणाकडे वळतो. आमच्या कंपनीत दर उन्हाळ्यात एक फॉर्म भरावा लागे. वर्षभरात तुम्ही काय केलं ते लिहायचं आणि स्वतःला पाचांपैकी गुण द्यायचे. शेजारचे लोक स्वतःला बेधडक पाच द्यायचे. मी तीन दिले, आणि कामाच्या रकान्यात लिहिलं, ‘टीमच्या मदतीनं दिलेलं काम केलं.’ आपल्याकडे आपलं कौतुक आपणच लिहिणं म्हणजे आगाऊपणा. आपण कमी सांगायचं, वरचा माणूस वाढवून देतो, अशी माझी पक्की समजूत होती.

फॉर्म काकांकडे गेला आणि त्यांनी मला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं.

"हे काय लिहून ठेवलं बे? तीन?"

"काका, स्वतःला पाच कसे देणार? बरं दिसतं का ते?"

"हा काय मुलगी पाहायचा कार्यक्रम आहे लाजायला? डिसेंबरच्या रिलीझआधी कोणी सांगितलं नसताना अख्खा जुना डेटा तपासला कोणी? तू. ते कुठाय यात?"

"ते तुम्हाला माहीतच आहे ना!"

काकांनी कपाळाला हात लावला. त्यांनी आपल्याकडून मला पाच दिले. पण वरून उत्तर आलं, की ज्यानं स्वतःलाच तीन दिले त्याला आम्ही जास्त का द्यावेत? तीन कायम झाले, आणि मीही ते विसरून गेलो.

त्याच थंडीत मंदी आली. लोक खोक्यात सामान भरून जाताना दिसू लागले. तेव्हा माझी एच-वन व्हिसाची सहा वर्षं संपत आली होती. ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीनं केलेला होता आणि त्याच्याच जोरावर मी इथे राहू शकत होतो. नोकरी गेली की अर्जही गेला. आमची मुलगी किंडरगार्टनमध्ये नुकती रमली होती. आणि आमच्या टीममधून एक माणूस कमी होणार अशी बातमी आली. यादी त्या गुणांवरून लावणार होते. सगळ्यात कमी गुण कोणाचे होते ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी घरी येऊन मेघनाला सांगितलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

त्या आठवड्यात सोमवारच्या पंचायतीत काका नेहमीपेक्षा जोरात भांडले. मला वाटलं, यांना काहीच कसं वाटत नाही? गुरुवारी ते लिंडाच्या केबिनमध्ये गेले आणि दीड तासानं बाहेर आले. शुक्रवारी सकाळी लिंडानं मला बोलावलं. मी मनात वाक्यं जुळवून गेलो होतो. ती म्हणाली, "तू राहतोयस."

मला काही कळेना. मग तीच सांगायला लागली. काका आत आले, समोर बसले आणि तिच्या टेबलावरच्या यादीवर, गुणांच्या रकान्यावर, त्यांनी आपला पंजा ठेवला. "आकडे नको पाहू, माणूस पाहा," म्हणाले. आणि मग माझ्या सहा वर्षांतलं एकेक काम सांगत गेले. कोणती चूक मी कधी पकडली, कोणाचं काम मी न बोलता ओढलं. मला स्वतःला त्यातलं निम्मं आठवत नव्हतं. "मी हात उचलायला सांगितला," लिंडा म्हणाली, "पण त्यांनी उचलला नाही. शेवटी मी म्हटलं, काका, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण वरच्यांना एक नाव हवंच आहे. त्यावर त्यांनी माझंच पेन घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं."

मी धावत त्यांच्या जागेवर गेलो. काका खोक्यात कपबशी ठेवत होते.

"काका, हे काय केलंत? कॅन्सल करा ते! मी लिंडाशी बोलतो."

"तू बोलणार? फॉर्मवर एक ओळ लिहिता येत नाही तुला." आणि मग हसून म्हणाले, "अरे बाप्पा, मी सिटिझन माणूस. तुझ्या काकूची शाळेतली नोकरी आहे. मी पडलो तर माझ्याच अंगणात पडीन. तू पडला असता तर थेट मुंबईच्या एअरपोर्टवर."

मी त्यांच्या पाया पडलो. अमेरिकन ऑफिसात, सगळ्यांदेखत, कार्पेटवर. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. आयुष्यात चारचौघांत मी तेवढी एकच गोष्ट न लाजता केली असेन.

"अन् ऐक," खोकं उचलताना ते म्हणाले. "काल मी हरलो. टीममधली एक जागा वाचवायला गेलो होतो, नाही वाचली. नियम म्हणजे नियम. सोमवारचा डबा माझ्याकडे." इतक्या वर्षांत काकांच्या तोंडून ‘हरलो’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

सोमवारी मी रिसेप्शनवरून गेलो तर तिथे चार पुडांचा भलामोठा स्टीलचा डबा ठेवलेला. तर्री-पोहे. पोहे वेगळे, तर्री वेगळी, शेव वेगळी, कांदा वेगळा. वर चिठ्ठी, ‘डेव्हला तर्री बेतानं घालणे.’ काका डबा ठेवून केव्हाच निघून गेले होते.

दुपारी आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. डेव्हनं तर्री बेतानं घेतली नाही, त्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तो म्हणाला. टीव्हीवर आदल्या दिवशीच्या फुटबॉल मॅचचा रिप्ले लागला. पडदा सगळा मोकळा होता. बॉल अगदी स्पष्ट दिसत होता. कोण कसा खेळला यावर एकाचंही मत नव्हतं.

मी उठलो. टीव्हीसमोर गेलो आणि बॉलवर हात ठेवला. मला सवय नव्हती, त्यामुळे माझा हात बॉलच्या जरा मागेमागेच राहत होता.

मग मागून सगळा कॅफेटेरिया एका आवाजात ओरडला, "सिट डाऊन!"

मी बसलो नाही.