विलायती गाडीचा पोळा

२०१९ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. पोळ्याच्या दुपारी चारठाण्याची देवळं बघून आडवाटेनं निघालेली एक विलायती गाडी आमच्या शेताजवळ चिखलात बंद पडली. दोन माणसांची, बिनटपाची, हिरवीगार. मालक माझ्याच वयाचा, शहरातला. नाव मी विचारलं न्हाई.

"दादा, बैलांनी देवगाव फाट्यापर्यंत ओढून द्या. तिथं ट्रक मिळेल. उद्या सकाळी हैदराबादला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. वर्षभर तयारी केलीय."

"आज पोळा. बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नसतेत. ट्रॅक्टर सांगा."

"ट्रॅक्टर हिसका देतो."

अन् बॉनेटवर तळवा ठेवून तो सांगायलाच लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर विलायतेत लोखंड मिळेना, म्हणून हिचं अंग पातळ अ‍ॅल्युमिनियमचं केलं. शर्यतीत हिनं मोठमोठ्या गाड्या मागं टाकल्या.

मी म्हणलं, "आत विलायतची राणी बसली असती, तरी आज जुपलं नसतं."

तो हसला. माझ्या बैलांची रंगवलेली शिंगं लय वेळ बघत राहिला. "मग हिलाही आज पोळा," म्हणाला, आणि बादली मागून गाडी धुवायला बसला. आमच्या मंडळीनं बैलांना ओवाळलं, तसं बॉनेटलाबी कुंकू लावलं. मेळावा हुकला, पण त्यानं एकदाबी घड्याळ बघितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं ट्रॅक्टर काढायलीती. पण मी बैल जुपले, बैलांच्या म्होरं चालत गेलो, आणि हिसका बसू न देता गाडी फाट्यावर नेऊन उभी केली.